फुकट डायलिसिसचा हिशेब कोण देणार?

पारनेर तालुक्यात डायलिसिसचा विषय निघाला की चार वाक्ये ठरलेली असतात. ‘आता योजनेत सगळे फुकट मिळते, मग ओरड कसली?’ ‘मशीन बसवले, अजून काय करायचे?’ ‘पेशंटच पथ्य पाळत नाहीत.’ आणि चौथे, आवाज जरा खाली आणून: ‘वय झालेय त्यांचे, किती दिवस ओढायचे?’ ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांत पुढारी असतात, दवाखाना चालवणारे असतात आणि कधी कधी घरचेही असतात. पण लहान खाजगी रुग्णालयांत, नर्सिंग होममध्ये आणि वृद्धाश्रमांत किडनीच्या रुग्णांची जी हेळसांड होते, ती याच चार वाक्यांच्या आडोशाला टिकून आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन त्याला उत्तर द्यायला हवे.

माझे म्हणणे सरळ आहे. आपण मशीन मोजतो, खाटा मोजतो, वाटलेली कार्डे मोजतो. किती रुग्णांचे डायलिसिस चुकले, किती जणांना चार तासांऐवजी तीन तासांतच मशीनवरून उतरवले, किती जणांच्या मानेतली नळी महिनोन्‌महिने तशीच राहिली आणि वर्षाअखेर त्यांतले किती हयात होते, हे मात्र कोणी मोजत नाही. जे मोजले जात नाही त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. आबाळ इथे सुरू होते.

आधी ‘फुकट’ घेऊ. 29 फेब्रुवारी 2016 रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. देशात दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेल्या 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते, त्यामुळे 3.4 कोटी डायलिसिसची मागणी वाढते, आणि केंद्रे सुमारे 4,950, तीही बहुतेक खाजगी आणि मोठ्या शहरांत, असे आकडे त्यांनी दिले. एका डायलिसिसचा खर्च तेव्हा सुमारे 2,000 रुपये, म्हणजे वर्षाला 3 लाखांहून अधिक. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली: लांबचा प्रवास, त्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांनी ही कुटुंबे पिचतात. योजनेने यातले बिल उचलले. प्रवास आणि मजुरी भाषणातच राहिली.

महाराष्ट्रात बिलाची बाजू त्याआधीच सुरू झाली होती. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. अर्थमंत्र्यांच्याच दराने हिशेब केला तर आठवड्याला तीन डायलिसिस घेणाऱ्याला ही रक्कम सहा महिनेही पुरत नव्हती. 2023 मध्ये राज्याने ही मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. हे मोठे काम झाले, ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण त्यामुळेच ‘पैसा नाही’ हे कारण आता कोणाला पुढे करता येणार नाही. वर्षभराच्या 156 डायलिसिसचा खर्च त्याच दराने 3 लाख 12 हजार होतो आणि तो मर्यादेत बसतो. तरीही रुग्णाचे डायलिसिस चुकत असेल, तर ते कुठे चुकते हे शोधणे शासनाचेच काम आहे.

ते रस्त्यावर चुकते. पारनेरहून जिल्ह्याचे ठिकाण असलेले नगर सुमारे चाळीस किलोमीटर. आठवड्यातून तीन वेळा जाऊन येऊन वर्षाला बारा हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास होतो. निघोजकडच्या माणसाला शिरूर जवळ, अळकुटीकडच्याला आळेफाटा, कान्हूर पठारच्या वाड्यांवरून आधी पक्क्या रस्त्याला यायचे आणि मग पुढचे वाहन बघायचे. ढवळपुरीच्या मेंढपाळाचे कुटुंब तर वर्षातले कित्येक महिने कळपामागे दूर असते. डायलिसिस संपल्यावर रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, डोके हलके होते. अशा माणसाला एकट्याने परत पाठवता येत नाही, म्हणजे सोबत एकाची मजुरी बुडते, आठवड्यातून तीन दिवस. एसटीच्या सवलतींत डायलिसिसचे रुग्ण आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, महिलांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे. पण पहाटेच्या पाळीला पोहोचवणारी गाडीच वाडीवर येत नसेल, तर त्या सवलतीचा उपयोग काय?

मग तीनचे दोन होतात, दोनचा एक होतो. पहिल्यांदा चुकते ते ज्वारीच्या काढणीत, नंतर लेकीच्या बाळंतपणात, नंतर पैसे संपले म्हणून. 2020 च्या टाळेबंदीत देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास झाला. त्यात 28 टक्क्यांहून अधिक रुग्णांचे एक किंवा अधिक डायलिसिस चुकल्याचे दिसले, शंभरावर रुग्ण केंद्राकडे परत फिरकलेच नाहीत. ती शहरांतली मोठी रुग्णालये होती, आणि तिथे नोंद ठेवली म्हणून हा आकडा कळला. आपल्या तालुक्यात साथ नसलेल्या साध्या वर्षात किती चुकतात, हे सांगणारे रजिस्टर कोणाच्या टेबलावर आहे?

‘प्रवासाचे पैसे सरकारने द्यायचे, हे अतीच झाले’ असे कोणी म्हणेल. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी मोफत पोहोचवतात. 2018 पासून क्षयरोग्याच्या बँक खात्यात पोषणासाठी दरमहा पैसे जमा होतात. उपचार पूर्ण व्हायचा तर दवाखान्याबाहेरचा खर्चही उपचारातच धरायचा, हे तत्त्व शासनाने दोनदा मान्य केले आहे. ते किडनीच्या रुग्णालाही लावा, एवढीच मागणी आहे.

आता ‘मशीन बसवले’. डायलिसिसमध्ये मशीनइतकेच महत्त्वाचे असते पाणी. मशीनमधून दर मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर आणि आठवड्याच्या तीन पाळ्यांत 360 लिटर. निरोगी माणूस आठवड्यात पंधरा-वीस लिटर पाणी पितो, आणि ते पोटातून गाळूनच रक्तात जाते. इथे 360 लिटर पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यात क्लोरीनचा अंश, अ‍ॅल्युमिनियम किंवा जंतूंचे विष राहिले तर ते सरळ रक्तात उतरते. म्हणून आरओ संयंत्र, त्याच्या गाळण्या वेळेवर बदलणे, पाण्याची नियमित तपासणी आणि त्याचा लेखी अहवाल हे सगळे डायलिसिसच आहे.

पारनेर अवर्षणप्रवण तालुका आहे. उन्हाळ्यात गावोगावी टँकर लागतात, बोअरचे पाणी जड होते, स्रोत बदलत राहतात. अशा ठिकाणी पाण्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे ब्राझीलमधल्या कारुआरू शहराने 1996 साली पाहिले. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला धरणाचे पाणी टँकरने येत होते, त्याचे शुद्धीकरण अपुरे होते. पाण्यातल्या शेवाळवर्गी जीवांचे विष रुग्णांच्या रक्तात गेले, यकृते निकामी झाली आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. केंद्रात मशीन होते, खाटा होत्या, रुग्ण वेळेवर येत होते. पाणी मात्र नीट शुद्ध होत नव्हते. टँकरवर जगणाऱ्या प्रत्येक तालुक्याने ही घटना पाठ करून ठेवावी.

पाण्यानंतर माणसे येतात. रुग्णाचे वजन डायलिसिसच्या आधी आणि नंतर करायचे, किती पाणी काढायचे ते ठरवायचे, मध्ये मध्ये रक्तदाब बघायचा, काविळीच्या बी विषाणूचा रुग्ण वेगळ्या मशीनवर घ्यायचा, फिल्टर पुन्हा वापरत असाल तर त्यावर त्याच रुग्णाचे नाव आहे ना हे दर वेळी तपासायचे. हे काम शिकलेला तंत्रज्ञ आणि परिचारिका करतात. जिथे एकच तंत्रज्ञ अनेक मशीन सांभाळतो आणि संध्याकाळी आणखी एक पाळी बसवायची म्हणून दुपारच्या रुग्णाला अर्धा तास आधी उतरवतो, तिथे बिल पूर्ण निघते आणि रक्त अर्धवट साफ होते. रुग्णाला हे कळत नाही. त्याला एवढेच वाटते की आज लवकर सुटलो.

मानेतल्या नळीचेही तसेच. घाईच्या वेळी मानेतून नळी टाकून डायलिसिस सुरू करावेच लागते. पण कायमची वाट म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिश्चुला. लहान शस्त्रक्रिया करून तो तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून आधीच नियोजन करावे लागते. रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी पाठवायचे, तारीख घ्यायची, मागे लागायचे हे काम कोणाचेच नसले की तात्पुरती नळी कायमची होते. मग थंडी वाजून ताप येतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर किडनीचा आजार लिहिला जातो. प्रत्यक्षात त्या माणसाला दुर्लक्षाने मारलेले असते.

‘नोंदणी आहे ना दवाखान्याची’ हे उत्तर पुरेसे नाही. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर जानेवारी 2021 मध्ये नियमांत सुधारणा झाली: रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक दर्शनी जागी लावणे, तक्रार निवारणाची व्यवस्था. नियम चांगले आहेत. पण ते रुग्णाने दवाखान्यात पाऊल टाकल्यावर दिसायला हवेत आणि नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः येऊन बघायला हवेत. तपासणी कागदावर राहिली की काय होते ते या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि 11 रुग्णांचा जीव गेला. ते सरकारी रुग्णालय होते. म्हणून सरकारी केंद्राला सूट आणि खाजगीला नियम, असाही माझा आग्रह नाही. तपासणी दोन्हीकडे सारखी हवी.

तिसरे वाक्य: ‘पेशंटच पथ्य पाळत नाहीत.’ या वाक्याने सगळा दोष झोपलेल्या माणसाच्या अंगावर ढकलला जातो. पथ्य म्हणजे काय ते पाहा. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने दिवसभरात साधारण लिटरभर पाण्यात भागवायचे, चहा, आमटी, ताक सगळे त्यातच धरून. मीठ कमी, म्हणजे लोणचे, पापड, खारवलेली मिरची बंद. पोटॅशियम कमी, म्हणजे केळे, शहाळे, टोमॅटो, बटाटा जपून, भाजी चिरून पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचे. एप्रिलच्या उन्हात पठारावर राहणाऱ्या माणसाला हे सांगायचे तर समोर बसून, त्याच्या चुलीवर काय शिजते ते विचारून सांगावे लागते. त्याच्या हाती इंग्रजीत छापलेला आहाराचा कागद देतात आणि दोन आठवड्यांनी अंगावर सूज आली की रागावतात. मराठीत, बाजरीची भाकरी, हुलग्याचे पिठले, शेंगोळी आणि ठेचा यांची नावे घेऊन लिहिलेले एक पान आजवर का निघाले नाही?

शिवाय पथ्य आणि चुकलेले डायलिसिस वेगळे काढता येत नाहीत. 2011 साली अमेरिकेतल्या 32 हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला तीन डायलिसिस नियमित घेणाऱ्यांतही, दोन दिवसांच्या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले. फक्त दोन दिवसांचा खंड! आठवड्यात दोनदाच डायलिसिस मिळणाऱ्याला दर आठवड्याला त्याहून मोठा खंड पडतो. त्या काळात साठलेले पाणी फुप्फुसात चढते, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडते. अशा वेळी त्याने दोन घोट जास्त पाणी प्यायले हे कारण सांगणे अन्याय आहे. त्याला तिसरे डायलिसिस कोणी दिले नाही, हे कारण आधी लिहा.

आता चौथे आणि सगळ्यांत कठीण वाक्य: ‘वय झालेय.’ याला वैद्यकशास्त्रातूनही आधार दिला जातो, म्हणून त्याला प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या 3,702 वृद्धांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात त्यांतले 58 टक्के वारले आणि केवळ 13 टक्क्यांची हालचाल-कामे करण्याची क्षमता आधीइतकी टिकली. हे आकडे गंभीर आहेत. अतिशय थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला डायलिसिस न देता त्याचा त्रास, धाप, खाज, दुखणे कमी करणारी शुश्रूषा देणे हा योग्य निर्णय असू शकतो. पण तो निर्णय कोणी घ्यायचा? रुग्णाने, सगळी माहिती समजून, घरच्यांशी बोलून. वाहन मिळाले नाही म्हणून, मुलगा मुंबईला कामावर आहे म्हणून, किंवा संस्थेला झंझट नको म्हणून डायलिसिस बंद झाले, तर त्या अभ्यासाचे नाव घेण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि ज्याचे डायलिसिस बंद केले, त्याला वेदनाशामक शुश्रूषा तरी कोण देतो? बहुतेकांच्या वाट्याला दोन्हीतले काहीच येत नाही.

‘म्हातारपणी डायलिसिस म्हणजे नुसते ओढणे’ असे मानणाऱ्यांनी जयप्रकाश नारायण यांना आठवावे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर 1975 मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात ते डायलिसिसवर गेले, तेव्हा त्यांचे वय 73 होते. त्यानंतर ते जवळजवळ चार वर्षे जगले. त्या चार वर्षांत त्यांनी विखुरलेले पक्ष एकत्र आणले, 1977 ची निवडणूक लढवली गेली, केंद्रातली सत्ता बदलली आणि पंतप्रधान कोणी व्हावे हे ठरवताना त्यांचा शब्द निर्णायक ठरला. डायलिसिसवरच्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे केले, कारण त्याचे डायलिसिस नियमित होत होते. पारनेरच्या म्हातारीने देशाची सत्ता बदलायची गरज नाही. तिला नातवाचे लग्न बघायचे असेल, एवढे कारण पुरेसे आहे.

1960 च्या दशकात सिएटल शहरात मशीन मोजकीच होती, तेव्हा कोणाला डायलिसिस द्यायचे हे ठरवायला नागरिकांची समिती बसे. माणसांची योग्यता जोखणाऱ्या त्या समितीवर जगभर टीका झाली, 1972 मध्ये अमेरिकेने कायदा करून या रुग्णांचा खर्च सरकारकडे घेतला. आपल्याकडे समिती नाही, पण निवड रोज होते. ती अंतर करते, मोटारसायकल करते, घरात कोणी कमावता रिकामा आहे का यावर ठरते. समितीवर निदान टीका तरी करता येत होती.

पारनेर तालुक्यातली कितीतरी तरुण माणसे मुंबई-पुण्यात आहेत. गावाकडे मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी वृद्धाश्रम किंवा एखाद्या दवाखान्यातली खाट हा पर्याय निघतो. अनेक वृद्धाश्रमांच्या अर्जातच अट असते: स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश. डायलिसिसचा रुग्ण तिथेच गळतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या विसाव्या कलमात जुनाट आणि असाध्य आजारांवरच्या उपचारांच्या सोयी ज्येष्ठांसाठी वाढवण्याची जबाबदारी शासनावर आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता कुटुंबामागे पाच लाखांचे आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले. कायदा आहे, कार्ड आहे. आठवड्यातून तीनदा त्या म्हाताऱ्याला उठवून गाडीत बसवणारे कोणी नाही.

एक बाजू खाजगी दवाखान्यांचीही आहे आणि ती खरी आहे. योजनेचे दर कमी, पैसे उशिरा मिळतात, शिकलेला तंत्रज्ञ तालुक्यात टिकत नाही, किडनीतज्ज्ञ शहर सोडून यायला तयार नसतात. या तक्रारींवर शासनाने उत्तर द्यायलाच हवे, देयके ठरलेल्या मुदतीत मिळायलाच हवीत. पण थकलेल्या बिलाची वसुली रुग्णाच्या चार तासांतून करता येणार नाही. परवडत नसेल तर सेवा बंद केल्याचे उघड सांगावे आणि रुग्णाला दुसऱ्या केंद्रात लावून द्यावे. अर्धवट डायलिसिस देत राहणे ही सेवा नव्हे.

म्हणून मागण्या नेमक्या ठेवू. तालुक्यातल्या प्रत्येक डायलिसिस रुग्णाचे एक रजिस्टर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे असावे: ठरलेले डायलिसिस, झालेले, चुकलेले, चुकण्याचे कारण. दोन चुकले की आशा कार्यकर्तीने घरी जावे आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा. रुग्ण आणि सोबतीच्या प्रवासाची सोय योजनेतच धरावी. प्रत्येक केंद्राने पाण्याचा ताजा तपासणी अहवाल, तंत्रज्ञाचे नाव आणि शिक्षण, मशीनची संख्या दाराशी मराठीत लावावी. लांबच्या वाड्यांसाठी घरी करायच्या पोटाच्या डायलिसिसचा विचार गंभीरपणे व्हावा. त्यासाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना 2019 पासून आहेत, त्याला मोठे मशीन लागत नाही, स्वच्छता, शिकवणूक आणि पिशव्यांचा वेळेवर पुरवठा लागतो. आणि डायलिसिस सुरू करताना किंवा थांबवताना रुग्णाशी झालेले बोलणे लिहून त्याची सही घ्यावी.

यातले काही अशक्य आहे असे या तालुक्याने म्हणू नये. राळेगणसिद्धीने पावसाच्या थेंबाचा हिशेब ठेवून गाव उभे केले. 2021 च्या साथीत भाळवणीला हजाराच्या वर खाटांचे कोविड केंद्र काही दिवसांत उभे राहिले, गावोगावचे लोक धान्य आणि भाज्या घेऊन आले. तेव्हा रुग्ण हजारांत होते आणि भीती सगळ्यांना होती, म्हणून सगळे धावले. डायलिसिसचे रुग्ण त्या तुलनेत थोडे आहेत, विखुरलेले आहेत, मोर्चा काढण्याइतके बळ त्यांच्या अंगात नाही. थोडे आहेत म्हणूनच प्रत्येकाचे नाव, गाव आणि पुढच्या डायलिसिसची तारीख एका वहीत मावते. ती वही पुढच्या महिन्यात सुरू करा, दर तीन महिन्यांनी पंचायत समितीच्या बैठकीत उघडा, आणि ज्या नावापुढे ‘चुकले’ लिहिले आहे त्याचे कारण तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला आणि दवाखान्याच्या चालकाला सर्वांसमोर विचारा.